एकाच टेबलावर सख्खे भाऊ: सॉफ्ट प्ले नेमका कुठे सुरू होतो?

तिसरा_गडी

आमच्या नेहमीच्या नो-लिमिट होल्डेम पोकरच्या कॅश गेममध्ये (थेट पैशांवरचा खेळ, स्पर्धा नव्हे) दोन सख्खे भाऊ खेळतात. दोघंही माणूस म्हणून चांगले. हरले तरी कुरकुर नाही, उधारी नाही. म्हणूनच त्यांच्यासमोर सॉफ्ट प्लेचा, म्हणजे आपल्या माणसासमोर हात आखडता घेण्याचा, विषय काढायला जीभ रेटत नाही आणि इथे विचारतोय.

डाव असा. थोरल्याने सुरुवातीच्या जागेवरून रेझ केला (बोली वाढवली), मी राजा-राणीवर कॉल केला (तेवढेच पैसे भरले), बटणावरच्या, म्हणजे शेवटच्या पाळीच्या धाकट्यानेही कॉल केला. फ्लॉप, म्हणजे सगळ्यांची सामाईक पहिली तीन पानं, आला: बदाम राजा, किलवर अठ्ठी, चौकट तिर्री. थोरल्याची बेट, माझा कॉल, धाकट्याचा दणदणीत रेझ. थोरल्याने तो कॉल केला. माझी वरची जोडी होती, पण समोर दोन माणसं, पुढे अजून दोन फेऱ्या, आणि एकाने एवढा जोर दाखवलेला. मी पत्ते टाकले. टर्नला (चौथं सामाईक पान) चौकट दुर्री: चेक, चेक, म्हणजे दोघांनीही पैसे न लावता पाळी सोडली. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) इस्पिक नव्वी: पुन्हा चेक, चेक. पत्ते उघडले तर थोरल्याकडे एक्का-राजा आणि धाकट्याकडे अठ्ठ्यांची जोडी, म्हणजे फ्लॉपलाच तीन अठ्ठ्या लागलेल्या.

तीन अठ्ठ्या हातात, बोलायची पाळी शेवटची, आणि दोन्ही फेऱ्या चेक! समोर मी असतो तर त्याने दोन्ही वेळा बेट लावली असती. त्याच्याशी मी भरपूर खेळलोय, त्यामुळे हे छातीठोक सांगू शकतो.

खाणाखुणा नाहीत, कुजबुज नाही. फक्त मी बाहेर पडलो आणि दोघांचा जोर ओसरला, इतकंच. याला फसवणूक म्हणायचं का? म्हणायचं असेल, तर संबंध न बिघडवता बोलायचं कसं?

बंद_मूठ

तुमचं नुकसान काय झालं ते मला कळलं नाही. राजा-राणी दोघांच्याही हातापेक्षा लहान होती. तुम्ही वेळेत सुटलात. पुढे भावाने भावाचे पैसे काढले नाहीत, तर तो त्या दोघांचा प्रश्न. पैसे त्यांचे, मर्जी त्यांची. मोठ्या स्पर्धांचे नियम घरगुती टेबलावर आणले की चार लोक खेळायचेच बंद होतात.

हिशेबी

बंद_मूठ, या डावात तिसरा_गडी हरणारच होते हे मान्य. पण नुकसान एका डावाच्या निकालात शोधायचं नसतं. प्रत्येकाला कॉल केवढ्याला पडला ते बघा.

धाकट्याचा रेझ आल्यावर निर्णय दोघांपुढे होता. राजा-राणीवाल्याला विचार करावा लागला, की आत्ता हा रेझ भरायचा, मग टर्नची बेट, मग रिव्हरची बेट. म्हणजे डाव शेवटपर्यंत बघायचा तर तीन हप्ते. एक्का-राजावाल्याला मात्र माहीत होतं, की तिसरा बाहेर पडला की पुढच्या दोन फेऱ्या फुकट. त्याच्यासाठी एकच हप्ता. रेझ तोच, पॉट (मध्ये जमलेले पैसे) तोच, पण किंमत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी. ही सवलत टेबलावरच्या बाकी कुणालाही नाही.

आणि त्या पॉटमध्ये तिसऱ्याचेही पैसे आहेत हे विसरू नका. फ्लॉपच्या आधीचा कॉल आणि फ्लॉपवरचा कॉल, दोन्ही. ते पैसे जिंकायचा हक्क त्याने पत्ते टाकून सोडला, आणि उरलेल्या दोघांनी पुढे काहीही धोका न पत्करता ते आपसात ठरवले. अशी सवलत गाठीशी असली की माणूस एरवी टाकला असता तो हातही खेळायला लागतो, जास्त पॉटमध्ये शिरतो, आणि मधल्या माणसावर दोन्ही बाजूंनी दाब येतो. दोघांनी मुद्दाम रेझवर रेझ करून मधल्याला पिळणं हा संगनमताचा जुना प्रकार आहे. इथे तसा बेत नसेलही. पण मधल्या खुर्चीवरच्या माणसाच्या वाट्याला जे यायचं ते आलंच.

धाकटी_पाती

हिशेबींशी सहमत. 'किंमत वेगवेगळी' हा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता.

एक विचारते. हे झालं हात आखडता घेण्याबद्दल. पण खरंच एकमेकांचे पत्ते कळवत असतील तर किती फरक पडतो? दोनच तर जास्तीची पानं.

हिशेबी

वाटतो त्यापेक्षा बराच. तुमच्या हातात दोन बदाम आणि फ्लॉपवर दोन बदाम आहेत असं धरा. तुम्हाला ५ पानं दिसली, ४७ दिसली नाहीत. त्यांत ९ बदाम. टर्नला बदाम येण्याची शक्यता ९/४७, म्हणजे साधारण १९ टक्के, किंवा प्रतिकूल बाजूने ४.२ ला १.

आता भावाने खुणेने कळवलं, की त्याने टाकलेली दोन्ही पानं बदामाची होती. न दिसलेली पानं ४५, बदाम उरले ७. शक्यता साडेपंधरा टक्क्यांवर, प्रतिकूल ५.४ ला १. उलट त्याने एकही बदाम टाकला नसेल तर ९/४५, म्हणजे बरोबर ४ ला १.

पॉट तुम्हाला ५ ला १ देतोय, म्हणजे एक रुपया भरून पाच जिंकायची संधी. प्रामाणिक खेळाडू दोन्ही वेळा कॉल करणार, कारण त्याला ४.२ एवढंच ठाऊक आहे. माहितीवाला पहिल्या स्थितीत फोल्ड करून (पत्ते टाकून) पैसे वाचवतो आणि दुसरीत निर्धास्त कॉल करतो. एका डावात हे कुणाच्या नजरेत भरत नाही. पण पोकरमध्ये चांगल्या खेळाडूचा नफाच मुळी अशा बारक्या फरकांवर चालतो, आणि तो फरक इथे कुणीतरी चोरून घेतलेला असतो.

निवृत्त_डीलर

बरीच वर्षं पत्ते वाटले आहेत, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

नात्यातल्या माणसांचा सॉफ्ट प्ले ओळखायला डोळ्यांकडे बघून उपयोग नसतो. बघायची ती गती. तिसरा माणूस पॉटमध्ये असेपर्यंत दोघंही विचार करतात, चिप्स मोजतात, समोरच्याच्या ढिगाकडे नजर टाकतात. तिसऱ्याने पत्ते सरकवले की दोघांची बोटं टेबलावर लगेच टकटक करतात. चेक, चेक, पानं उघडा. चिप्सना हातही लागत नाही. एखाद्या डावात असं होणं साहजिक आहे, दोघांकडेही काही नसेल. पण रात्रभर त्या दोघांच्या डावात रिव्हरला एकही बेट नाही आणि बाकी सगळ्यांशी आहे, तर मग पत्त्यांचं कारण सांगता येत नाही.

आता नियम. २००१ मध्ये स्थापन झालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे नियम जगभरच्या बहुतेक लाइव्ह स्पर्धा आधाराला धरतात. त्यात स्पष्ट म्हटलंय, की पोकर हा एकेकट्याने खेळायचा खेळ आहे. सॉफ्ट प्लेला दंड आहे, आणि तो चिप्स काढून घेण्यापर्यंत किंवा बाद करण्यापर्यंत जाऊ शकतो. चिप डंपिंग, म्हणजे मुद्दाम हरून आपल्या माणसाकडे चिप्स सरकवणं, आणि इतर संगनमत, याला थेट बाद. यात नातं, मैत्री, लग्न असा उल्लेख करायची गरजच पडत नाही. वागणूक बघायची, नातं नाही.

स्पर्धेत कुणी ऑल-इन झाला (आपल्या सगळ्या चिप्स लावल्या) आणि पुढची बोली संपली की सगळ्यांची पानं उघडी करायला लावतात. प्रेक्षकांना मजा यावी म्हणून हे करतात असं अनेकांना वाटतं. खरा उपयोग असा, की कचरा हातावर सगळ्या चिप्स भावाच्या हवाली करणारा सगळ्यांसमोर दिसतो. रिव्हरला शेवटची पाळी असताना, ज्याच्या वर काही असूच शकत नाही असा एकमेव हात घेऊन कुणी चेक केलं, तर तिथेही संचालकाची भुवई उंचावते. त्याला आपोआप दंड मात्र नाही. परिस्थिती बघून ठरवतात, कारण नवखा माणूस कधीकधी आपला हात वाचायलाच चुकतो.

कॅश गेमसाठी बॉब सियाफोनी यांच्या 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ पोकर'मधली तरतूद कामाची आहे. शोडाऊनपर्यंत, म्हणजे शेवटी पानं उघडायच्या वेळेपर्यंत, पोचलेला हात मक केला (न दाखवता टाकला) असला, तरी त्या डावात पत्ते मिळालेला कुणीही तो दाखवा म्हणून मागणी करू शकतो. ही सोय संगनमत पकडण्यासाठीच आहे. उठसूट मागितलंत तर ती काढूनही घेता येते, हेही तिथेच लिहिलंय. आणि एक बारकावा: पॉट जिंकणाऱ्यानेच हरलेल्याचा हात बघायला मागितला, तर दोन्ही हात जिवंत धरतात आणि मोठा हात पॉट नेतो. इतर कुणी मागितला तर तो हात मेलेलाच राहतो. त्यामुळे मागणी कोण करतोय याला महत्त्व आहे.

तिसरा_गडी, तुमच्या डावात पानं आपणहून उघडली गेली. हे त्या भावांच्या बाजूने जातं. लपवायचं असतं तर त्या तीन अठ्ठ्या तुम्हाला दिसल्याच नसत्या.

किलवर_राणी

मी आणि नवरा एकाच गेममध्ये खेळतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिते.

आम्ही नवीन टेबलावर बसतानाच सांगतो, की आम्ही नवरा-बायको आहोत. शेजारी बसत नाही. डाव चालू असताना एकमेकांशी बोलत नाही, डाव संपल्यावर कोणी काय टाकलं ते टेबलावर चर्चेला घेत नाही. त्याच्याकडून मोठे पॉट मी घेतलेत आणि त्यानेही माझ्याकडून. तरीही मी त्याच्या बेटवर फोल्ड केलं की कुणाची तरी मान वळतेच. सरळसोट फोल्ड करण्यासारखा हात असला तरी! याचा राग येऊ देत नाही, कारण त्यांना माझी पानं दिसत नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर माझीही मान वळली असती.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पैशाचा मुद्दा. 'त्यांचे पैसे, त्यांची मर्जी' असं बंद_मूठ म्हणतात. अडचण तिथेच आहे. घरखर्च एकाच खात्यातून चालत असेल, तर मी नवऱ्याकडून जिंकलेला पॉट म्हणजे या खिशातून त्या खिशात. आणि जिथे रेक, म्हणजे पॉटमधून गेम चालवणाऱ्याचा वाटा, कापला जातो, तिथे आमच्या दोघांचा पॉट जितका फुगेल तितका कमाल मर्यादेपर्यंत रेक जास्त, म्हणजे घराचं निव्वळ नुकसान. दोघांनी चेक-चेक करून डाव संपवणं हेच आमच्या घराच्या फायद्याचं! कुणी वाईट मनाचं असावं लागत नाही, हिशोबच त्या दिशेला ढकलतो. म्हणून आम्ही खेळाचे पैसे पूर्ण वेगळे ठेवले आहेत. त्याची रक्कम त्याची, माझी माझी, आणि एकाची संपली तर दुसऱ्याने टेबलावर भर घालायची नाही. एवढं करूनही दोन टेबलं चालू असतील तर आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर बसतो. ते सगळ्यात उत्तम.

बंद_मूठ

रेकचा मुद्दा पटला, आणि हिशेबींचा किमतीचाही. पण मग एक सांगा. स्पर्धेत तिसरा ऑल-इन असला की उरलेले दोघं बहुतेक वेळा चेक करतच शेवटपर्यंत जातात. अनोळखी माणसंसुद्धा. ते चालतं, मग हे का नाही?

निवृत्त_डीलर

प्रश्न रास्त आहे. तिथे दोघांनीही चेक करण्यात प्रत्येकाचा स्वतंत्र फायदा असतो: एक खेळाडू बाहेर गेला तर दोघंही एक पायरी वर चढतात. न बोलता, आपापल्या हिशोबाने केलं तर चालतं. 'आपण चेक करत जाऊ' असं एकाने नुसतं म्हटलं, तरी दंड होऊ शकतो. आणि त्यातल्या एकाला चांगला हात लागला की तो बेट लावतो, दुसऱ्याला त्याचं काही वाटत नाही. तुमच्या-आमच्या विषयात नेमकं हेच होत नाही. तीन अठ्ठ्या लागल्या तरी बेट येत नाही.

स्पर्धेत नात्याचा सॉफ्ट प्ले कॅश गेमपेक्षा वाईट, कारण तिथे एकाचं टिकणं दुसऱ्याच्या बक्षिसातून वजा होतं. समजा दहा जण उरलेत आणि बक्षिसं नऊ जणांना आहेत. पुतण्या बिग ब्लाइंडवर आहे (पानं बघण्याआधी सक्तीने भरायची रक्कम; स्मॉल ब्लाइंड तिच्याहून लहान), ब्लाइंड भरून त्याच्याकडे जेमतेम आणखी एका ब्लाइंडपुरत्या चिप्स. सगळ्यांनी फोल्ड केलं, स्मॉल ब्लाइंडवर काका, पुढ्यात चिप्सचा डोंगर. दुसरा कुणीही असता तर पानं न बघता त्याला ऑल-इन करायला लावलं असतं. काका फोल्ड करतो. कुणाची एक चिपही चोरीला गेलेली दिसत नाही. पण पुढच्याच डावात टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस दहावा होऊन रिकाम्या हाताने उठतो, आणि त्याचं बक्षीस पुतण्याच्या पदरात पडतं. त्या दहाव्या माणसाला कधी कळतही नाही की त्याचं काय गेलं. माझ्या मते ही चोरीच आहे, आणि ती काकाने प्रेमापोटी केली म्हणून लहान होत नाही.

इस्पिक_दुर्री

नातेवाईक कडक खेळूच शकत नाहीत असाही सूर नको. २००४ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्समध्ये शेवटच्या तिघांत हॉवर्ड लेडरर आणि त्याची सख्खी बहीण ॲनी ड्यूक होती. बक्षीस फक्त पहिल्याला, २० लाख डॉलर. बहिणीने भावाला तिसऱ्या क्रमांकावर बाहेर काढलं आणि पुढे जिंकलीही. २०१० मध्ये ५०,००० डॉलर प्रवेश फीच्या प्लेयर्स चॅम्पियनशिपच्या अंतिम टेबलावर मायकल आणि रॉबर्ट मिझराची हे भाऊ एकत्र होते. मायकल जिंकला, रॉबर्ट पाचवा आला. त्याच वर्षी मेन इव्हेंटमध्ये चारही मिझराची भाऊ बक्षिसात होते. स्पर्धेत टेबल सोडतीने मिळतं, अंतिम टेबलावर तर कुणाला वेगळं बसवताच येत नाही. तिथे कॅमेरे, उघडी होणारी पानं आणि संचालक, याच भरवशावर खेळ चालतो.

किलवर_राणी यांच्या पैशाच्या मुद्द्याला पूरक: २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या मिलियनेअर मेकर स्पर्धेचा शेवट आठवा. शेवटचे दोघं नातेवाईक वगैरे नव्हते. पण त्यातला एक जिंकला तर त्याला बाहेरच्या एका योजनेतून १० लाख डॉलरचा बोनस मिळणार होता. तो चिप्समध्ये खूप मागे होता आणि चिप्स ज्या तऱ्हेने त्याच्याकडे फिरल्या त्यावर गदारोळ झाला. चौकशीनंतर आयोजकांनी विजेता जाहीर केला नाही, ब्रेसलेट दिलं नाही आणि उरलेली रक्कम दोघांत सारखी वाटली. दोघांचं हित एका जागी आलं की नातं नसलं तरी शंका येते. नात्यात ते हित जन्मापासून एका जागी असतं.

धाकटी_पाती

स्पर्धेत एकमेकांच्या बक्षिसाचे पाच-दहा टक्के अदलाबदल करतात त्याचं काय मग? मित्रांत तर सर्रास चालतं.

हिशेबी

चालतं, आणि थोड्या टक्क्यांवर खेळ बदलायचं कारण फारसं उरत नाही. पण एकाच टेबलावर आलात तर सांगून मोकळं व्हावं. निम्मा-निम्मा वाटा असेल तर मी त्याला किलवर_राणींच्या एकाच खात्यासारखंच धरेन.

तिसरा_गडी

सगळ्यांचे आभार. किमतीचा आणि खात्याचा असे दोन मुद्दे मी गेम भरवणाऱ्या दादांसमोर ठेवले. आरोप न करता, 'टेबलावर कुणीही नात्यातले असतील तर' अशा भाषेत. त्यांनीच पुढच्या बैठकीआधी सगळ्यांना एकत्र सांगितलं.

थोरला भाऊ लगेच बोलला. म्हणाला, "धाकट्यावर मोठी बेट लावायला हातच जात नाही माझा. त्याची तीच गत. यात तुम्हा लोकांचं काही जातं हे लक्षातच आलं नव्हतं." धाकटा आधी थोडा दुखावला, 'आम्ही काय खुणा करतो का' असं म्हणाला. दादांनी त्याला तीन हप्ते आणि एक हप्ता हा हिशोब त्याच डावाच्या पानांवर मांडून दाखवला. मग तो गप्प झाला आणि नंतर स्वतःच म्हणाला की पॉट आमच्या दोघांत आला तर पानं दोघांचीही उघडू.

ठरलं ते असं, की दोघं शेजारी बसणार नाहीत, आणि दोघांतच शोडाऊन झालं तर हरलेला हातही उघडा. फोल्डने संपलेल्या डावात मात्र टाकलेला हात सगळ्यांना दाखवायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांचा खेळ सगळ्यांना फुकट वाचायला मिळेल आणि बाकीच्यांचा त्यांना मिळणार नाही. निवृत्त_डीलर, यावर काही मार्ग?

निवृत्त_डीलर

बरोबर बोललात, त्यांच्यावर उलटा अन्याय नको. दादा स्वतः त्या डावात पत्ते घेऊन बसलेले नसतील तर त्यांनी एकट्याने टाकलेली पानं बघावीत, तीही शंका आली तरच, आणि काय होतं ते कुणाला सांगू नये. दादा खेळत असतील तर न खेळणाऱ्या कुणाला तरी ते काम द्यावं. तेवढाही माणूस मोकळा नसेल तर फोल्ड तसाच सोडा आणि शोडाऊनच्या डावांवर लक्ष ठेवा. सॉफ्ट प्ले मुख्यतः तिथेच दिसतो.

किलवर_राणी

थोरल्याने सरळ सांगितलं हे फार आवडलं. एक सुचवते: टेबल चार-पाच जणांवर आलं की दोघांतल्या एकाने उठावं. नऊ जणांत दोन भाऊ खपून जातात. चौघांत दोन भाऊ म्हणजे अर्धं टेबल एका घरचं, आणि जवळजवळ प्रत्येक पॉटमध्ये बाकीच्यांपैकी कुणीतरी त्यांच्या मध्ये सापडतो. टेबलावर पाच जण उरले की आम्ही पाळीपाळीने उठतो.

बंद_मूठ

हे मलाही योग्य वाटतं. आमच्या गेममध्ये मामा-भाचे आहेत, आणि रात्री उशिरा टेबल नेहमी चौघांवर येतं. आजवर कुणी बोललं नव्हतं, मीही नाही. पुढच्या वेळी हा धागा आधी मामांना वाचायला देतो, मग बाकीच्यांशी बोलतो.

तिसरा_गडी

किलवर_राणी, पाच जणांचा नियम दादांना कळवलाय. ते म्हणाले, पाळी आळीपाळीने नको, त्या रात्री ज्याच्या पुढ्यात कमी चिप्स असतील त्याने उठावं. त्यात जिंकणाऱ्याला मध्येच उठावं लागत नाही. पण मग हरणाऱ्याला भरून काढायची संधीच मिळत नाही, म्हणून धाकट्याला ते मान्य नाही. सध्या चिठ्ठी टाकून ठरवायचं असं चाललंय.